हात वर करायची मुभा

"रबरबँड ताणून कातडीवर सोडल्यासारखं वाटेल," असं लेसरच्या खोलीत सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, सिस्टर सांगते, सही करायला दिलेल्या संमतिपत्रातही तेच छापलेलं असतं. ही उपमा पहिल्यांदा कुणी वापरली देव जाणे, पण देशोदेशीच्या दवाखान्यांनी ती एकमताने मान्य केलेली दिसते. तशी ती खोटी नाही. बसणारा फटका तसाच असतो, बारीक, धारदार आणि लगेच संपणारा. पण वर्गात रबर मारणारं पोरगं मागच्या बाकावर बसलेलं असतं आणि ते कधी मारेल हे आपल्याला ठाऊक नसतं. इथे आपण पैसे भरून, वेळ ठरवून, तोंड स्वच्छ धुऊन आडवे झालेलो असतो, आणि पुढचा फटका येणार हे पक्कं माहीत असतं. शिवाय त्या रबराला उजेड नसतो, आवाज नसतो, गालावरची लव जळल्याचा करपट वास तर नसतोच.

मला लेसरपर्यंत नेणाऱ्या शिरांच्या रेघा नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरू झाल्या आणि वर्षागणिक गालांवर पसरल्या. तिशीत रेघा नव्हत्या, नुसता चेहरा तापायचा. उन्हातून आलं, गरम चहा घेतला, वर्गात आवाज चढवला की कानशिलांपर्यंत आग पसरायची. माहेर कोल्हापूरचं. धाकटा भाऊ म्हणायचा, "तांबडा रस्सा आम्ही पितो, ताईच्या तोंडावर येतो." घरात हा चेष्टेचा विषय होता, दुखण्याचा नव्हे. गव्हाळ कातडीत लाली लपते, तपकिरी-जांभळट दिसते, आणि ऊन बाधलं, पित्त झालं, वांग आला असं म्हणत माणसं वर्षं काढतात. मला झालेला रोझेशिया नावाचा आजार म्हणजे गोऱ्या लोकांचं दुखणं, असा समज पुष्कळ काळ डॉक्टरांमध्येही होता.

निदान झालं ते साध्या काचपट्टीने. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसली काच त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझ्या गालावर दाबली आणि आरसा पुढे धरला. रेघा गायब. काच उचलली, रेघा भरल्या. "रक्त शिरेतच आहे, बाहेर सांडलेलं नाही," त्या म्हणाल्या. आपण फुटलेल्या शिरा म्हणतो खऱ्या, पण त्या बहुधा फुटलेल्या नसतात. ऊन, वय, वारंवार येणारी लाली यांनी केशवाहिन्या ताणल्या जातात आणि मग पूर्ववत आवळायचं विसरतात. अशी सैल पडलेली वाहिनी कुठलंही मलम कायमची आवळू शकत नाही. ती जाळून बंद करावी लागते.

जाळायची, पण वरची कातडी शाबूत ठेवून. या एका अटीपायी वैद्यकशास्त्राची वीसेक वर्षं गेली. थिओडोर मैमनने कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला तो १६ मे १९६० रोजी. पुढच्या काही वर्षांत सिनसिनाटीचे लिऑन गोल्डमन हे त्वचारोगतज्ज्ञ तो कातडीवर वापरून पाहू लागले. सुरुवातीचे लेसर डाग घालवायचे आणि त्या जागी व्रण ठेवायचे. मग १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना सांगायला सोपी आहे. ज्या रंगाचा प्रकाश रक्त आजूबाजूच्या कातडीपेक्षा जास्त शोषतं तो निवडायचा, आणि तापलेल्या वाहिनीतली उष्णता शेजारी पसरायच्या आत प्रकाश बंद करायचा. रक्तातलं हिमोग्लोबिन ५७७ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश आवडीने गिळतं. म्हणून ५८५ आणि ५९५ नॅनोमीटरचे, रंगद्रव्याच्या द्रावणातून निघणारे डाय लेसर आले. सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायची ती झोत-वेळ. वाहिनी आतून भाजते, रक्त गोठतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीराच्या सफाई कामगार पेशी तो कचरा उचलून नेतात.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, लक्ष्य इतकं नेमकं असेल तर दुखायचं काही कारणच नाही. कारण आहे, आणि ते माझ्या रंगात आहे. रक्ताला आवडणारा प्रकाश मेलॅनिनलाही आवडतो. माझ्या वरच्या कातडीत ते भरपूर. खाली जाणाऱ्या प्रकाशातून ते आपला वाटा आधीच काढून घेतं, तापतं, आणि वेदना टिपणारी मज्जातंतूंची टोकं नेमकी तिथेच दाटीने बसलेली असतात. त्वचेचे सहा प्रकार मोजायची जी पट्टी डॉक्टर वापरतात, ती हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये आखली. मूळ पट्टी गोऱ्या कातडीपुरतीच होती, ऊन लागलं की भाजते किती आणि रापते किती एवढंच विचारणारी. तपकिरी आणि काळी कातडी नंतर खाली जोडली गेली. आपण बहुतेकजण चौथ्या-पाचव्या पायरीवरचे. आपल्यासाठी पुष्कळदा १०६४ नॅनोमीटरचा लेसर काढतात, कारण मेलॅनिन त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण रक्तही देत नाही. मग शक्ती वाढवावी लागते, प्रकाश खोल जातो, आणि तो फटका वरवरचा राहत नाही. नाकाच्या हाडापर्यंत सणक जाते. संमतिपत्रातली ती रबराची उपमा बहुधा फिक्या कातडीसाठी लिहिलेली आहे.

अर्थात मी पहिल्यांदा हेच विचारलं, की नंबिंग क्रीम लावा ना. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन यांचं हे मलम प्रत्येकी अडीच टक्के औषधाचं असतं. जाड थर देऊन, वरून प्लॅस्टिक चिकटवून तासभर ठेवायचं. यातलं लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं, आणि आपल्याकडे दाताच्या दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला ते झायलोकेन या नावाने ठाऊक असतं. बाईंनी मान हलवली. "मलम लावलं की कातडी पांढरी पडते, वाहिन्या आकसतात. मला जे मारायचंय तेच दिसेनासं होईल." म्हणजे दुखणं कमी करणारी वस्तू नेमकं दुखण्याचं कारण झाकून टाकते. केस काढायच्या लेसरला ही अडचण येत नाही. ही रक्तवाहिन्यांपुरतीच मेख.

दुसरं एक कारण त्यांनी सांगितलं, आणि ते मला जास्त पटलं. चेहरा पूर्ण बधिर असेल तर रुग्ण काहीच सांगू शकत नाही. चटका बसून विरला तर ठीक, पण तो विरायच्या ऐवजी वाढत गेला तर वरची कातडी भाजते आहे अशी ती सूचना असते, आणि ती यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही. ती फक्त माझ्याकडे असते. मलम निरुपद्रवी आहे असंही समजू नये. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, तो दोन तरुणींच्या मृत्यूनंतर. एक बावीस वर्षांची, दुसरी पंचवीस. लेसरने पायांवरचे केस काढून घ्यायच्या आधी त्यांनी पायभर तीव्र बधिर मलम चोपडलं होतं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. औषध कातडीतून रक्तात गेलं, झटके आले, शुद्ध गेली. चटक्याच्या भीतीने मेलेल्या त्या दोघी अधूनमधून माझ्या डोक्यात येतात. बाजारात आणि ऑनलाइन जोरदार नंबिंग क्रीमच्या नळ्या अजूनही कुणालाही मिळतात.

मग उरतं काय, तर गारवा. आणि हा गारवा फार हुशारीने वापरतात. लेसरच्या नळीतूनच, झोतापूर्वी काही मिलिसेकंद, टेट्राफ्लुरोइथेन या द्रवाचा फवारा येतो. उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव एरवी शीतयंत्रांत असतो. फवारा इतका क्षणिक की तेवढ्यात फक्त वरचा पापुद्रा गार होतो, खालची वाहिनी गरमच राहते. मग प्रकाश येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी नव्वदीच्या दशकात हे तंत्र बसवलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात रुग्णाच्या बाजूने झालेला सर्वांत मोठा शोध हाच. कातडी वाचते, दुखणं कमी होतं आणि शक्ती वाढवायला वाव मिळतो. सगळ्या यंत्रांना ही सोय नसते. काही ठिकाणी थंड हवेची नळी धरतात, काही ठिकाणी गार जेल, आणि काही दवाखान्यांत सिस्टर सरळ बर्फाची पिशवी घेऊन उभी असते. बर्फ कमी लेखू नका. झोताच्या आधी आणि लगेच नंतर तो दाबून धरला तर निम्मी लढाई तिथेच होते.

गारव्याने दुखणं का कमी होतं, याचं उत्तर नुसतं 'उष्णता शोषली' एवढंच नाही. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं, आणि स्पर्श, दाब यांचे संदेश आधी पोचले तर ते दार अर्धवट लोटलं जातं. तपशिलात तो सिद्धांत पुढे पुष्कळ बदलला, पण मूळ गोष्ट टिकली. पोर पडलं की आई गुडघा चोळते, फुंकर घालते. सोनार कान टोचायला आला की बाळाच्या तोंडात साखरेचा दाणा ठेवतात. यातली फुंकर चोळणं-दाबणं या कुळातली. साखरेचं तर रुग्णालयांनी तपासून पाहिलं आहे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त काढताना जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले की ते कमी रडतं. पन्नाशीच्या बाईला साखर देऊन भागत नाही, पण दोन चटक्यांच्या मधे बाईंचं बोट माझ्या कपाळावर ठाम टेकलेलं असायचं. ते मुद्दाम होतं की सवयीने, मी विचारलं नाही. त्याने फरक पडायचा एवढं खरं.

तापलेल्या कातडीची बातमी मेंदूकडे नेणारा ग्राही त्रेचाळीस अंशांच्या आसपास जागा होतो, आणि डेव्हिड ज्युलियस यांना तो १९९७ मध्ये सापडला तो मिरचीतल्या तिखटाचा माग काढताना. २०२१चं नोबेल त्यांना मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर जिभेवर जे दार उघडतं तेच गालावर लेसरने उघडतं. कोल्हापूरकरणीला या बाबतीत काही सवलत मिळायला हवी होती. मिळाली नाही. उलट तिखटाने लाली वाढते म्हणून मिसळच बंद झाली.

चेहरा ही दुखण्यासाठी फार सोयीची जागा आहे. कपाळ, गाल आणि जबडा यांचा सगळा खबरनामा मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या तीन फांद्या वाहून नेतात, आणि या भागात त्या दाट पसरलेल्या असतात. गाल सोपे. गालाची हाडं जरा कठीण. वरचा ओठ वाईट. नाकपुडीची कड मात्र वेगळ्याच वर्गात. तिथे झोत बसला की डोळ्यांतून पाणी येतं, शिंक येते. रडू येतं असं नव्हे, ते पाणी मज्जातंतूंच्या आपापसातल्या संगनमताने येतं, पण सिस्टर हळूच टिशू देते तेव्हा आपल्यालाही वाटतं की आपण रडतोय.

डोळ्यांवर घट्ट कवच असल्याने काही दिसत नाही. कान मात्र तीक्ष्ण होतात. आधी यंत्राची गुणगुण, मग फवाऱ्याचं 'फस्स', मग पापण्यांच्या आतही उमटणारी झळाळी आणि चटका. थोड्या वेळाने शरीर 'फस्स' ऐकलं की आधीच आखडतं, म्हणजे दुखणं यायच्या आधी सुरू होतं. पहिल्या वेळी मला चटक्यांचं काही वाटलं नाही, त्या मधल्या क्षणांचं वाटलं. यावर उपाय म्हणून लोक काय काय करतात. हातात दाबायला स्पंजचा चेंडू देतात, गाणी लावतात, हनुवटीला कंपन देणारं छोटं यंत्र टेकवतात. आमची सिस्टर बोलायची. मुलगी कितवीला, भाकरी थापता येते का, पुण्यात पाणी किती वेळ येतं. डोक्याला उत्तर जुळवायचं काम मिळालं की दुखण्याकडे जायला तेवढी माणसं कमी पडतात. पण तिचा आवाज थांबला की कळायचं, आता नाक.

पेडल बाईंच्या पायाखाली असतं. लेसर पायाने चालतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "तोंड हलवायचं नाही, बोलायचं नाही. नको वाटलं की डावा हात वर करा. मी पाय उचलीन." सगळ्या उपायांत मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला हाच. मी तो हात फार वेळा वर केला नाही. पण तो करता येतो हे कळल्यावर तोच झोत, तीच शक्ती, निराळी लागली. मानसशास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक आहे, की थांबवता येणारं दुखणं न थांबवता येणाऱ्यापेक्षा सोसवतं. तरी सगळीकडे हे सांगत नाहीत. काही ठिकाणी 'झालंच, झालंच' म्हणत उरलेला गाल उरकतात, आणि तिथून आलेल्या बायका सांगतात की त्यांना भाजल्याचं आठवत नाही, 'झालंच' आठवतं.

आता या सगळ्यात एक अडचण आहे, ती औषधाची नव्हे. हे दुखणं मी विकत घेतलेलं आहे. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, बाळंतपणं काढलीस, तिथे हूं की चूं केलं नाहीस. आता मुद्दाम तोंडावर चटके घेऊन वर दुखतं म्हणतेस?" तिच्या स्वतःच्या कपाळावर आणि कोपरापर्यंत गोंदण आहे. सुया एकत्र बांधून टोचलेलं, लहानपणी दोघींनी धरून ठेवलेलं. तेव्हा रडली होतीस का विचारलं तर म्हणाली, "रडायचं काय त्यात, सगळ्याच करायच्या." सगळ्यांच्या रिवाजातलं सोसणं हिशेबात धरायचं नाही आणि एकीने हौसेने घेतलेलं दुखणं तर तोंडातून काढायचंच नाही, असा हा कायदा. मी तो बराच काळ पाळला. शून्य ते दहा यात किती दुखतंय असं बाईंनी विचारलं की मी 'दोन' म्हणायचे. नाकपुडीला सात होतं. दोन ऐकून त्या शक्ती वाढवायच्या, कारण त्यांच्या दृष्टीने वाव होता. सोसणारी बाई डॉक्टरला चुकीची माहिती पुरवते, हे त्या खाटेवर पडल्या पडल्या लक्षात आलं, आणि मग मी खरे आकडे सांगू लागले. त्यांनी लगेच दोन झोतांमधलं अंतर वाढवलं, बर्फ आधी धरला. आकडा पाचावर आला.

बाहेर बाकावर एकदा एक मुलगी भेटली, विशीतली, ओढणी तोंडावर घट्ट. तिच्या गालांवर माझ्यापेक्षा जास्त रेघा. लग्नाआधी उजळ व्हायचं म्हणून मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं होतं. त्यात तीव्र स्टेरॉइड. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळला, मग लावलं नाही तर भगभग आणि लावलं तर कातडी कागदासारखी पातळ. स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नावच दिलं आहे, इतके असे रुग्ण आपल्या देशात येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तिला कुणी चिठ्ठी विचारली नव्हती. बाईंनी तिला लेसर द्यायला नकार दिला. आधी क्रीम सोडवायचं, त्यात चेहरा पेटून उठेल, महिने जातील, मग बघू. ती मला विचारत होती, लेसर फार दुखतो का. तिच्या पुढ्यात जे वाढून ठेवलं होतं त्यापुढे माझे चटके किरकोळच, पण किरकोळ म्हणून मी तिला काही कमी करून सांगितलं नाही. गालाला कसं, ओठाला कसं, नाकाला कसं, आणि हात वर करायचा, हे सगळं सांगितलं. तिने ओढणी जरा सैल केली आणि विचारलं, शिंक आली तर काय करायचं.

माझे गाल आता बरेच स्वच्छ आहेत. रोझेशिया बरा झालेला नाही, तो होत नाही. ऊन टाळायचं, सनस्क्रीन लावायचं, काही वर्षांनी नव्या रेघा येणार, तेव्हा परत त्या खाटेवर. डाव्या नाकपुडीच्या खाचेत मात्र दोन रेघा चिवटपणे राहिल्या आहेत. त्या जागेच्या रेघा तशाच असतात, जातात आणि येतात. गेल्या वेळी बाईंनी काच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, शक्ती थोडी वाढवून एकदा घेऊया. मी हात वर केला, यंत्र अजून सुरू व्हायचं होतं. त्या हसल्या. फाइलमध्ये त्यांनी लिहिलं, 'डावी नाकपुडी, रुग्णाच्या इच्छेनुसार सोडली', आणि बिल फक्त गालांचं लावलं.